गाडीतलं गाडीत

आमदारबाईंच्या गाडीवर कित्येक वर्षं एकच ड्रायव्हर होते, मौनीमामा. हे नाव ऑफिसातल्या शिपायानं ठेवलेलं. तो म्हणायचा, "मामांना दोन प्रश्न विचारा, एकाचं उत्तर मिळतं आणि तेही 'हं' एवढंच." मामींची तक्रार त्याहून जुनी. "मुलगा मितभाषी आहे, असं सांगून गळ्यात मारला. मी रेडिओशी बोलत संसार केला!"

घरात त्यांच्या मौनाचा अर्थ सगळ्यांना पाठ होता. मामा गप्प राहिले की होकार, खाकरले की नकार. मुलीनं शाळेच्या सहलीपासून स्वतःच्या लग्नापर्यंत सगळं याच हिशेबानं मंजूर करून घेतलं होतं.

गाडीत मात्र मौनाचा कायदा वेगळा. मागच्या सीटवरचं बोलणं ऐकायचं नाही. कानावर पडलंच तर पोटात ठेवायचं. गाडीतलं गाडीत. ऑफिसच्या भिंतींना कान असतात म्हणून बाई महत्त्वाचं बोलणं गाडीत उरकत, आणि तेव्हा मामा म्हणजे स्टिअरिंगला जोडलेला आणखी एक भाग असत.

अधिवेशन संपलं की बाई आठवडाभर जिल्हा पालथा घालत. लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, कारखाने बघायचे, चहाला नाही म्हणायचं नाही. यंदा सोमवार दूध केंद्रात गेला. तिथं एका म्हातारीनं बाईंना खडसावलं, "निवडून आलीस आणि वजन वाढवलंस, रस्ता काही वाढवला नाहीस!" बाई मनापासून हसल्या. मामांनासुद्धा हसू आलं होतं. पण ते सोमवारी.

मंगळवारी लाकडाच्या वखारीतून निघताना पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याचा मालक बाईंबरोबर गाडीत बसला. फाटकापर्यंत येतो म्हणाला आणि तालुक्यापर्यंत आला.

"ताई, तुम्ही शुक्रवारी आमच्याकडे येताय म्हणून आधीच कानावर घालतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दोन महिन्यांत शेड रिकामी करतोय. मशीनं बंदराजवळ हलवणार. हातातल्या ऑर्डरी पुऱ्या होईपर्यंत कामगारांना कळता कामा नये. कुणाला वास लागू नये म्हणून भरतीही चालू ठेवलीय. एसटी डेपोतला एक चांगला मेकॅनिक परवा पक्का केला, फोरमन म्हणून."

मामांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. गाडी क्षणभर अडखळली.

डेपोतला मेकॅनिक म्हणजे त्यांचा जावई.

"हे बरोबर नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्ही फक्त शुक्रवारी काही बोलू नका. नवीन जागेत आपल्या माणसांना आधी घेईन, शब्द देतो."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, "बघते."

जावयाची डेपोतली नोकरी कायमची होती. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला. एकदा सोडली की ती जागा पुन्हा मिळायची नाही. बाहेर माणसं टपून बसलेली. बुधवारभर मामांनी गाडी चालवली खरी, पण दोनदा वळण चुकलं. बाईंनी विचारलं, "बरं नाही का?" मामा म्हणाले, "हं." नेहमीचं उत्तर, त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही.

गुरुवारी दिवसभर वीटभट्ट्या. लाल धूळ नाकातोंडात जाऊन मामांचा घसा धरला. संध्याकाळी बाई एका कार्यकर्त्याकडे जेवायला थांबल्या, तेवढ्यात मामा जवळच राहणाऱ्या मुलीकडे जाऊन आले. दारात पाऊल टाकलं तेच खोकत.

"बाबा, अंगावर अख्खी भट्टी घेऊन आलात की!" मुलीनं गरम पाणी पुढे केलं. जावई नुकताच कामावरून आला होता. नखांतलं ग्रीस अजून गेलं नव्हतं. पण चेहरा उजळलेला.

"उद्या दहाला साहेबांच्या टेबलावर राजीनामा," तो म्हणाला. "सोमवारपासून फोरमन. माझ्या हाताखाली आठ माणसं, मामा!"

"घरी मात्र एकही माणूस तुमचं ऐकत नाही, ते सांगायचं राहिलंच," मुलगी म्हणाली आणि वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगा. सोडू दे ना डेपो?"

मामा खाकरले. मुद्दाम, मोठ्यानं खाकरले.

"अहो, आधी पाणी प्या," मुलगी म्हणाली. "किती ती धूळ!"

ते पुन्हा खाकरले. जावयानं उठून त्यांची पाठ चोळली. जन्मभर घरानं ज्या एका खुणेला नकार मानलं, तिची आज धूळ झाली होती. आता शब्दच लागणार होते. जिभेच्या टोकापर्यंत आलेही. पण 'कुणी सांगितलं' असा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मागच्या सीटवर बसलेलं होतं. मामा पाणी पीत राहिले.

"म्हणजे हो," मुलगी हसून म्हणाली.

शुक्रवारी सकाळी गाडी खोक्यांच्या कारखान्याकडे निघाली तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. पुलाच्या अलीकडे मामांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"पंक्चर?" बाईंनी फाईलमधून डोकं न काढता विचारलं.

"नाही. बोलायचंय."

बाईंनी फाईल मिटली.

"मंगळवारी शेठ ज्या मेकॅनिकचं बोलले ना, तो माझा जावई. दहा वाजता डेपो सोडतोय. मी मुलीला फोन करणार आहे ताई. तुम्हाला न सांगता करणं मला जमेना."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, जणू डॅशबोर्डच बोलला होता. "मामा, तुम्ही सगळं ऐकता?"

"कानांना झाकणं नसतात, ताई."

"मी त्यांना गप्प राहीन असं म्हटलेलं नाही."

"बोलेन असंही म्हटलेलं नाही."

बाईंचा चेहरा लाल झाला. "तुमच्या मुलीला कळलं की तासाभरात कारखान्याला कळेल. कामगार काम टाकतील. ऑर्डर गेली तर शेठ उद्याच कुलूप लावेल. दोन महिन्यांचे पगार बुडतील लोकांचे. आहे विचार केलेला?"

"केलाय. तीन रात्री तेच केलं." मामांचा हात खिशातल्या फोनवर होता. "पण तो त्यातला नाही अजून. दहापर्यंत तरी नाही."

शेजारून एक ट्रक गेला, गाडी हलली. मामांनी नंबर लावला.

"थांबव त्याला. राजीनामा नको. कारखाना बंद होतोय."

पलीकडून मुलीचा आवाज गाडीभर ऐकू आला. "काय? कुणी सांगितलं? बाबा, माझी नणंद आहे तिथं पॅकिंगला! तिला..."

"आधी त्याला गाठ," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

कारखान्यात पोचले तेव्हा मशीनं थांबलेली होती. कागदाची रिळं अर्धवट उलगडलेली, खळीचा आंबट वास, आणि बायका-पुरुष शेडच्या दारात उभे. मालक हार घेऊन पुढे आला. एक बाई त्याला मागे टाकून आमदारबाईंसमोर उभी राहिली. मुलीची नणंदच ती.

"ताई, खरं काय ते तुम्ही सांगा. ह्यांचं ऐकून झालं."

बाईंनी मालकाकडे पाहिलं. त्यानं बारीक मान हलवली, नको म्हणून.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "मला मंगळवारपासून माहीत आहे."

जो गलका उठला त्यात बाईंना शिव्याही मिळाल्या. दुपारपर्यंत त्या तिथेच खुर्ची टाकून बसल्या. ऑर्डर पुरी करायची आणि पगार दर आठवड्याला हातात, एवढं मालकाकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं. कारखाना काही वाचला नाही. मधेच मामांच्या फोनवर जावयाचा निरोप आला: डेपोतच आहे, संध्याकाळी जेवायला या.

परतताना बाई दमून मागे टेकल्या होत्या. पुलाजवळ त्या म्हणाल्या, "मामा, माझा राग नाही."

"हं."

"त्या जावयाला वाचवलंत, बरं केलंत."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं, उचलण्यासाठी अंगठा नेला आणि थांबल्या.

"जरा बाजूला घ्या गाडी."

मामांनी घेतली. बाई दार उघडून उतरल्या, दार नीट लावलं आणि भर उन्हात, रस्त्याच्या कडेला उभं राहून बोलू लागल्या.