टॅगवरचे आठ दीस

मंगळवारी सरांनी ग्राफ टेबलावर पसरला आणि पेन्सिलीचं टोक शेवटच्या ठिपक्यावर टेकवलं.

"एनम्मा इदु? काय आहे हे?"

"कुजण्याचा दर, सर."

"ते मला दिसतंय. तो वाढतोय कसा?"

प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागून मला जेमतेम चार महिने झाले होते.

काम साधं होतं. गिरिपुष्पाचा हिरवा पाला भाताच्या चिखलात किती वेगाने कुजतो, ते मोजायचं. जाळीच्या नायलॉन पिशवीत वीस ग्रॅम सुका पाला होईल इतकी पानं भरायची, पिशव्या वरुणा गावातल्या आमच्या शेतात पुरायच्या. ठरलेल्या दिवशी काही पिशव्या काढायच्या, धुवायच्या, ओव्हनमध्ये वाळवायच्या आणि उरलेलं वजन करायचं. दर म्हणजे, जेवढं उरलंय त्यातलं रोज शेकडा किती जातं, तो आकडा. बँकेचं व्याज उलट्या दिशेने चालावं तसं.

माझी वजनं अशी होती: विसाचे आठ दिवसांत दहा ग्रॅम. पंधराव्या दिवशी पाच. एकविसाव्या दिवशी दोन पूर्णांक सात. त्यावरून दर आला आधी सव्वाआठ टक्के, मग साडेनऊ, मग जवळजवळ दहा.

"मऊ भाग आधी कुजतो," सर म्हणाले. "शिरा, देठ मागे राहतात. म्हणून शेवटी वेग मंदावतो. तुझा पाला शेवटी धावतोय. असा पाला कधी ऐकलायस?"

"नाही, सर."

"वजनं कोणी केली?"

"मी. दोनदा केली."

"मग पिशव्या ठरल्या दिवशी निघालेल्या नाहीत. त्या काढतो कोण?"

पिशव्या नागोजीराव काढत. शेतावरचे आमचे फील्ड असिस्टंट, साठीला आलेले, रोजंदारीवर. मैसूरच्या जुन्या मराठी घरातले, आमच्या ओळखीतले. मी त्यांना मामा म्हणायची. पिशवी काढली की पुरून किती दिवस झाले ते टॅगवर लिहून ते तिला बांधत.

सरांनी डब्यातून एक टॅग उचलला आणि अक्षरं जुळवत वाचला. "आठ दीस. अक्षरं कन्नड आहेत, पण हे कन्नड नाही."

"मराठी आहे, सर. आमच्याकडे बरेच जण मराठी असंच लिहितात."

"म्हणजे इथे हे फक्त तुलाच समजतं." त्यांनी टॅग परत टाकला. "हा माणूस सवडीने शेतावर जातो आणि टॅगवर ठरलेला दिवस लिहितो. शुक्रवारी रिव्ह्यू आहे. हा सीझन रद्द दाखवू. आणि त्याला सोमवारपासून कामाला बोलावू नकोस, मी दुसरा माणूस बघतो."

मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मामा तसे नाहीत, एवढं तरी. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि सरांना उलट बोलायची मला सवय नव्हती. मी "हो, सर" म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, असेल तसं. वजनं बरोबर होती. मग चूक दुसऱ्याचीच असणार.

त्या दिवशी मी तराजू तपासला, ओव्हनचं तापमान तपासलं. सगळं ठीक निघालं. तशी मामांची बाजू लंगडी पडत गेली.

गुरुवारी सकाळी मी वरुणाची बस धरली. मामा बांधावर बसून रिकाम्या पिशव्या धूत होते.

"अरे वा, सायन्टिस्टबाई! चिखलात कशा आल्या?"

"मामा, एक विचारू? रागावू नका."

"म्हणजे रागवायचंच विचारणार. विचार."

"पिशव्या... तुम्ही बरोबर त्याच दिवशी काढता ना?"

त्यांचा हात थांबला. "कोण म्हणतं, नाही काढत?"

मी एक पिशवी उचलून धुवायला घेतली. त्यांना ते पुरलं.

"बायकोला दवाखान्यात ठेवली होती तेव्हा पण सोमवारी येऊन काढल्यात. ओल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसने तुझ्या लॅबला आणल्यात. कंडक्टर शिव्या देतो. सुम्मने, उगाच काहीतरी बोलू नको."

"सोमवारी?"

"मग? सोमवारी पुरल्या, सोमवारी काढल्या. आठ दीस."

"सोमवार ते सोमवार सात होतात, मामा."

"अय्यो, कुठल्या शाळेत गेलीस?" त्यांनी ओली बोटं माझ्यापुढे धरली. "सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि, आयतवार, सोम. किती? आठ! त्याच्या पुढचा सोमवार, पंधरा दीस. तुझा बाप गिऱ्हाइकाला आठ दिसांनी ये सांगतो तर ते मंगळवारी येतं का?"

नाही. सोमवारीच येतं. हे मला बोलायला लागल्यापासून माहीत होतं. लॅबमध्ये मात्र मी आठ वाचलं आणि आठ टाइप केलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी 'तीन आठवडे' लिहिलं होतं, त्याचे मी बरोबर एकवीस केले. एकाच ग्राफवर दोन तऱ्हेचे दिवस.

"कन्नडात का नाही लिहिलं, मामा?"

"कन्नडात 'ओंदु वार' लिहिलं असतं, एक आठवडा. अष्टे, एवढंच. तू आपली पोर, म्हटलं तुला आपल्या भाषेत लिहावं."

परतीच्या बसमध्ये मी आकडे पुन्हा केले. सात, चौदा, एकवीस. दर आला साडेनऊ, साडेनऊ, साडेआठ. शेवटी मंदावणारा. पण मामा सोमवार म्हणाले, एवढ्यावर सर ऐकणार नव्हते. मग ओव्हनचं रजिस्टर आठवलं. पिशव्या आल्या त्याच दुपारी ओव्हनमध्ये जात. लॅबमध्ये पोचताच मी त्याची पानं उलटली. तिन्ही तारखा सोमवारच्या होत्या, माझ्याच अक्षरात.

रजिस्टर घेऊन मी सरांकडे गेले. 'टॅगमध्ये गोंधळ होता' एवढंच सांगितलं तरी भागलं असतं. गोंधळ कोणाचा, ते सरांनी स्वतःच ठरवलं असतं.

"सर, चूक माझी आहे. नागोजीरावांनी बरोबर लिहिलं होतं. मी चुकीचं वाचलं."

मी रजिस्टर समोर ठेवलं आणि 'आठ दीस' म्हणजे काय ते सांगितलं. सरांनी तिन्ही तारखा कॅलेंडरवर बोट ठेवून पडताळल्या.

"हे रजिस्टर मंगळवारी कुठे होतं?"

"ओव्हनशेजारी, सर."

"आणि तू?"

"...ओव्हनशेजारीच."

ते हसले नाहीत. शुक्रवारी रिव्ह्यूमध्ये नवा ग्राफ गेला, सीझन वाचला. मामा कामावर राहिले. डेटा एन्ट्री माझ्याकडून काढून तीन महिने दुसऱ्या असिस्टंटकडे दिली. मामांशी बोलणं पूर्वीसारखं व्हायला त्याहून जास्त वेळ लागला. त्यांच्यावर आळ सरांनी घेतला होता, पण चौकशीला मी गेले होते, आणि ते मामांनी बरोबर लक्षात ठेवलं.

दर काढताना वर वजन असतं आणि खाली दिवस. वजन आम्ही चार दशांश स्थळांपर्यंत तपासतो. दिवस कोणालाही मोजता येतात, असं धरून चालतो.