हैबतीचा डावा हात

जीप घेण्याआधी कुडपणच्या हैबतीकडे बैल होते, आणि मधला बदल त्याच्या डाव्या हाताला कुणी कळवला नव्हता. बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा तो हात अकरा वर्षं गिअरच्या दांड्यावर विसावलेला. दसऱ्याला त्याच दांड्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, समोर नारळ. भक्तीत कसूर नव्हती. गिअरबॉक्समध्ये तेल असतं आणि ते बदलावं लागतं, एवढी क्षुल्लक बाब तेवढी पूजेत बसली नव्हती.

यंदा गावची भाडोत्री माणसं घेऊन पोलादपूरकडे घाट उतरताना तिसरा गिअर आपोआप सुटू लागला. सुटला की जीप दावं तोडलेल्या गुरासारखी धावायची. हैबतीने त्यावर मोठा शास्त्रशुद्ध उपाय काढला. म्हाताऱ्या रावजींनी शेजारच्या सीटवर फुकट बसायचं आणि दांडा दाबून धरायचा.

"रावजीकाका, तिसरा धरा!"

"धरलाय रे. तू रस्ता धर."

मागच्या बाकावरून रोजची उतारू तुळजाबाई म्हणाली, "डायवर दोन, आन भरवसा एकाचा पन नाय!"

एका वळणावर रावजींना शिंक आली. दांडा सुटला, जीप दरडीला घासत थांबली. लागलं कुणाला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून माणसं चालत उतरू लागली. बायको बायजाने बजावलं, "जीप बसली तर मुंबईला भावाकडं जा, आन त्याच्यासारखा वॉचमन हून बिल्डिंगीचं फाटक उघडत बस."

दुसऱ्या गिअरमध्ये रांगत हैबती महाडला गेला. राजेश मेकॅनिकने गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढला. तेलाचं काळं पाणी झालेलं गळलं, त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता.

"तेल कधी बदललंत?"

"कंपनीनं घातलेलं हाय. आपन कशाला हात लावायचा?"

"हात लावला नाहीत? अहो, दांड्यावर हाताचं वजन ठेवून गिअर सरकवणारा आतला फोर्क झिजवलात. गिअर टाकायचा, हात उचलायचा. नाहीतर नवा फोर्कही खाल."

फोर्क बदलला, तेल बदललं. गावात तुळजाबाई म्हणाली, "आधी रिकामी उतरवून दाव, मग आमी बसतो."

सगळं कुडपण वरून बघत असताना हैबतीने तिसरा टाकला आणि डावा हात मांडीखाली दाबून रिकामी जीप उतरवली. तिसरा गिअर खालच्या वळणापर्यंत जागचा हलला नाही. मुंबईचं फाटक टळलं. अकरा वर्षं आपण गाडी सांभाळली नाही, नुसता भार टाकला, हे मात्र सबंध घाटभर त्याच्या शेजारी बसून होतं, तेही फुकट.