दिल्लीचा हुकूम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माझं मलाच कळत नाही. आयुष्यभर कोर्टात दुसऱ्यांसाठी तोंड चालवलं, आज स्वतःबद्दल बोलतोय.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. आम्ही मद्रासला. माझी चुलत बहीण कावेरी वेस्ट मांबलममध्ये राहायची. तिचे यजमान गोपाळराव एग्मोरला रेल्वेत कारकून — युनियनचा माणूस, त्यात दम्याचा रोगी. एके दिवशी त्यांना स्थानबद्ध केलं. खटला नाही, आरोप नाही. दिल्लीहून केंद्र सरकारचा हुकूम, बस. ठेवलं मात्र मद्रासच्याच तुरुंगात.

कावेरी माझ्याकडे आली. आमच्या तंजावरी मराठी गोतावळ्यात वकील मी एकटा. तिला हेबियस कॉर्पसचा अर्ज हवा होता — माणूस कोर्टापुढे आणा, का कोंडलाय ते सांगा, असा. मी नकारार्थी मान हलवली. म्हटलं, हुकूम दिल्लीचा. आपल्या हायकोर्टाचा हात तिथवर पोचत नाही.

यात थोडं खरं होतं — हेच तर वाईट. तेव्हा आपलं हायकोर्ट दिल्लीच्या सरकारला हुकूम सोडू शकत नव्हतं. पण कावेरीनं विचारलं, "अण्णा, जेल इथंच आहे नव्हे? किल्ली इथल्याच माणसाकडं. मग दिल्लीस कसाला विचाराचं?"

नेमका मुद्दा! अर्ज करायचा तो जेलरवर — माणूस ज्याच्या ताब्यात, त्याच्यावर. सहावी शिकलेल्या बाईला दिसलं ते मला दिसत नव्हतं? दिसत होतं. पण केंद्र सरकारच्या वकिलांच्या यादीसाठी त्याच महिन्यात माझं नाव गेलं होतं. त्या सरकारविरुद्ध उभं राहायची माझी छाती झाली नाही. मी हसलो. "आता तूच काळा कोट घाल," म्हणालो. ती ओशाळली. दुसऱ्या वकिलाकडे गेलीच नाही. घरचा वकील असताना कशी जाणार?

अर्जानं ते सुटले असते का? कोण जाणे. मी अर्ज केला नाही, एवढं खरं. चार महिन्यांनी दम्याचा झटका येऊन ते तुरुंगातच गेले. तोवर माझं नाव यादीत लागलं होतं.

तेराव्याला मला पहिल्या पानावर बसवलं. आतल्या दाराआडून कावेरीचा आवाज आला — "अण्णास आणखी वाढा. यांच्यासाठी फार धडपडले ते."

मी नको म्हणालो नाही. पोटभर जेवून उठलो.