सळईचा ळ

दादारावने कांताच्या तोंडावर सळई हाणली ती भरदुपारी, जेवणाच्या ताटावर. जेवायला आलेल्या पाहुण्यांसमोर ती एवढंच म्हणाली होती की वरचा खांब वाकडा उभा राहिलाय. लखनौच्या सरोजिनी नगरातल्या त्यांच्या घरावर दुसरा मजला चढत होता आणि सळया जिन्यातच पडल्या होत्या. पाहुणे गेले तसं "लई जीभ चालती तुझी" म्हणत त्याने एक उचलली. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. चार दात वरणात पडले. जीभ दातांखाली येऊन टोकाशी फाटली. खाली पडलेल्या बायकोला मग त्याने दम लागेपर्यंत लाथा घातल्या, आणि हात धुऊन आला. ती सळई त्याच संध्याकाळी खांबाच्या काँक्रीटमध्ये गेली.

कांता मूळची नांदेडची. नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी वीस वर्षांपूर्वी लखनौला आली. इथल्या मराठी बौद्ध कुटुंबांच्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात निवेदन तीच करायची. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. दादारावला ते खुपायचं. तिचा शब्द जरा घसरला की तो चारचौघांत दुरुस्त करायचा आणि घरी येऊन बडवायचा. वीस वर्षांत एक मनगट, दोन बरगड्या आणि एका कानाचा पडदा, एवढी त्याची दुरुस्ती झाली. आणि शेजारीपाजारी म्हणायचे, माणूस तसा सज्जन आहे!

दवाखान्यात महिला शिपायाने विचारलं, "किससे मारा?" रक्ताने भरलेल्या तोंडातून कांता म्हणाली, "सळई." हिंदीत सरिया म्हणतात हे तिला चांगलं ठाऊक होतं, पण जबडा मोडलेला माणूस भाषांतर करत बसत नाही. हिंदी कानाला ळ कुठला कळायला? शिपायाने लिहिलं, सलाई. सलाई म्हणजे स्वेटर विणायची सुई! दादारावच्या वकिलाला तेवढंच हवं होतं. विणायच्या सुईने कधी जबडा मोडतो का? बाई जिन्यावरून पडल्या.

जामिनावर सुटलेला दादाराव शहराबाहेर, बख्शी का तालाबला मित्राकडे राहू लागला. तिथून त्याने निरोप धाडला, "निर्दोष सुटलो की घरी येतो. आता जीभच उपटतो." तो बोललेलं करतो, हे कांताच्या हाडांना माहीत होतं. कोर्टात नुसतं सरिया म्हटलं तर वकील म्हणणार, बाईंनी जबाब फिरवला; त्या दिवशी सलाई नव्हे, सळई म्हटलं होतं हे ऐकवायला तो एक शब्द तिला स्वच्छ म्हणता यायलाच हवा होता.

दीड महिन्याने जबड्याच्या तारा निघाल्या. वाणी सुधारायला निशातगंजच्या चेतना मॅडम होत्या. त्या "कच्चा पापड़, पक्का पापड़" घोकून घ्यायच्या. पापड जमला. ळ काही जमेना, कारण त्यासाठी जीभ उलटी वळवावी लागते आणि कांताची जीभ टाक्यांशी ताणायची. "आंटी, 'ल' तो साफ़ आ रहा है, और क्या चाहिए?" मॅडम म्हणाल्या.

मग कांताने स्वतःच एक वाक्य रचलं: सळई सरळ, सलाई सरळ, सलाईची शाल, सळईचे वळ. रोज सकाळी बेसिनपाशी उभी राहून ती ते शंभरदा म्हणायची आणि लाल थुंकायची. एकोणीस वर्षांची लेक रुचिरा शेजारी उभी राहून ऐकायची. पोरगी आईशी हिंदीतच बोलायची, पण तिचा कान पक्का होता.

"मम्मी, फिर से 'ल' निकला."

"परत म्हणते."

"रहने दो यार, खून आ रहा है."

कांताने तिच्या थोबाडीत ठेवून दिली. पोरीच्या गालावर चार बोटं उठली. स्वतःच्या हाताची तिला किळस आली. "चुकलं माझं," ती म्हणाली, "या घरात हे पुन्हा होणार नाही." रुचिरा रडत रडतच म्हणाली, "अच्छा, बोलो फिर से."

साक्षीच्या दिवशी दादाराव इस्त्रीचा शर्ट घालून आरोपीच्या जागेवर उभा होता आणि तिच्या तोंडाकडेच बघत होता.

"आपने सलाई ही लिखवाया था न?" दादारावच्या वकिलाने विचारलं.

"नहीं साहब. स... सलई."

"क्या?"

"सलई." घोकलेलं सगळं पाण्यात गेलं. तिसऱ्यांदाही सलईच निघालं.

"सलई, सलाई, एक ही बात है," वकील हसला.

दादारावला मात्र राहवेना. वीस वर्षांची खोड ती, कोर्ट बघून थोडीच थांबते! "सळई!" तो खेकसला. "सळई म्हण की, बावळट! साधी सळई म्हणता येईना?"

वकिलाने झटकन मागे वळून बघितलं. जजसाहेबांनी फाइलीतून मान वर केली.

"ये जो इन्होंने कहा, इसका मतलब क्या होता है?" त्यांनी कांताला विचारलं.

कांताने कठडा घट्ट धरला. "लोहे का सरिया, साहब."

"उस दिन आपने यही शब्द बोला था?"

"जी, यही. हमसे साफ़ नहीं निकला. इनका एकदम साफ़ है, साहब. इनके मुँह पर कभी किसी ने मारा नहीं."