सुचेताताईंचा गोड निरोप

भाईंदर पूर्वेच्या त्या छोट्या वेबसाइट कंपनीत डिझायनर एका खोलीत बसत, प्रोग्रामर दुसरीत. मधल्या टेबलावर सुचेताताई राणे. इकडचं काम तिकडे पोचवायचं आणि तिकडची कुरकुर इकडे, हीच त्यांची नोकरी. प्रोग्रामर कौस्तुभ म्हणायचा, “हा फालतूपणा कोण करणार?” ताई डिझायनरला सांगायच्या, “छानच झालंय, फक्त जरा सोपं कर.” सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असं नऊ वर्षं चाललं. सगळे त्यांना देवमाणूस म्हणत. म्हणायला काय जातंय!

डिझायनर समिधा पाटील जवळच्याच गोडदेव गावची. तिचे बाबा, गुणवंत, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि त्यांचा ब्रश सुटला तो सुटलाच. आता ते अंथरुणाला खिळले होते. एका मसालेवाल्याच्या वेबसाइटचं काम आलं, तेव्हा समिधाने मथळ्यांसाठी बाबांच्या वळणाचा फॉन्ट बनवला. बाबांना म्हणाली, “तुमची अक्षरं आता मोबाइलवर दिसणार.”

कौस्तुभने पहिल्याच दिवशी सांगितलं, “ताई, हा फॉन्ट नाही चालणार. जोडाक्षरं तुटतायत.” ताईंच्या डोळ्यांपुढे त्या पोरीचा चेहरा आला.

“बघतो म्हणालाय,” त्यांनी समिधाला सांगितलं.

पुढच्या आठवड्यातही तेच. दोन महिने तेच. घरी बाबा रोज विचारायचे, “आली का गो माजी अक्षरं?”

मग बाबाच गेले. तेरावं उरकून समिधा कामावर आली, तोवर वेबसाइट सुरू झाली होती, साध्या फॉन्टमध्ये. नोकरीला लागल्यापासून ती पहिल्यांदाच कौस्तुभच्या खोलीत शिरली.

“माझा फॉन्ट का नाही घेतलास?”

“मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलेलं. तू काही बोलली नाहीस, मला वाटलं सोडून दिलंस.” कौस्तुभ गोंधळला होता. “मथळे चारच तर होते. चित्र म्हणून टाकले असते ना, अर्ध्या तासाचं काम. मला बोलायचंस तरी!”

सुचेताताई दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले. “तुझं मन मोडवेना गं मला.”

समिधाने आवाज चढवला असता तर ताईंना सोसलं असतं. ती हळूच म्हणाली, “एक दिवस मोडलं असतं, ताई. याच्याशी येऊन भांडले असते मी. बाबांना अक्षरं दिसली असती.”