कंपाउंडच्या बाहेरचं झेंडावंदन

आमच्या गावात निवडणूक हरलेली माणसं झेंडावंदन शाळेच्या कंपाउंडच्या बाहेर उभी राहून करतात. असा नियम कुणी केला ते मला माहीत नाही. आमचं पॅनल सत्तेत होतं तेव्हा समोरचे लोक भिंतीला लागून, लिंबाखाली उभे राहायचे आणि राष्ट्रगीत आमच्यापेक्षा मोठ्याने म्हणायचे. झेंड्याशी वैर नाही, पण दोरी ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर उभं राहायचं नाही, एवढाच त्यांचा मुद्दा. तेव्हा मला त्यांचं हसू यायचं. या खेपेला सरपंचपदासाठी मी उभा होतो आणि पडलो, त्यामुळे लिंबाखालची जागा आता माझी झाली.

जो निवडून आला त्याचा कारभार मला पटत नाही. ग्रामसभा नावापुरती बोलवायची आणि खरे निर्णय आपल्या ओट्यावर बसून चहा पीत घ्यायचे, ही त्याची पद्धत. हे मी घरात उठताबसता बोलत होतो. जेवताना, मिरचीची पोती भरताना, ट्रॅक्टर पुसताना. हा खोटा माणूस आहे, गाव विकून खाईल, वगैरे. त्यातच त्याने आल्या आल्या शाळेत मुलींच्या संडासाला नळ दिला. आमच्या पॅनलला सगळी मुदत हातात असून ते जमलं नव्हतं. या नळाचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी तो विषय काढतच नव्हतो.

ऑगस्ट लागला आणि माझी मोठी मुलगी नाचत घरी आली. चौथीत आहे. गुरुजींनी तिला संचलनाची प्रमुख केलं होतं. म्हणजे पंधरा ऑगस्टला सगळ्या मुलांच्या पुढे चालत जायचं, पाहुण्यासमोर थांबायचं, कडक सलाम करायचा आणि म्हणायचं, ‘मान्यवर, संचलनास परवानगी असावी.’ पाहुणा अर्थातच सरपंच. ती अंगणात दिवसभर हेच घोकत होती. घरात आम्ही अहिराणी बोलतो, त्यामुळे ‘मान्यवर’ म्हणताना तिचा चेहरा एकदम तालुक्याच्या साहेबासारखा व्हायचा.

दोन-तीन दिवसांनी ती माझ्याकडे आली. “पप्पा, तो माणूस खोटा शे ना?”

मी हो म्हणालो. काय म्हणणार?

“मंग मी त्याले सलाम कसाले करू?”

मी तिला समजावलं की सलाम माणसाला नसतो, खुर्चीला असतो. लोकांनी त्याला त्या खुर्चीवर बसवलंय, म्हणून मान द्यायचा. तिने विचार केला आणि म्हणाली की मैदानात खुर्ची नसते, तो उभाच असतो. मग मी म्हणालो की सलाम झेंड्याला असतो. ती म्हणाली की झेंड्याला नंतर वेगळा सलाम आहे, गुरुजींनी तसं बसवलंय. शेवटी मी म्हणालो, गुरुजी सांगतात तसं कर. हे उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं असावं. आपला देश, आपला तिरंगा, हे मी तिला ती पाळण्यात असल्यापासून शिकवत आलो, पण ज्याला आपण मत दिलं नाही त्याच्याशी कसं वागायचं, हे मलाच कुणी शिकवलं नव्हतं.

पंधरा ऑगस्टला सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मी निघालो, तेव्हा बायको म्हणाली, “झेंडा काय त्याना बापना शे? जावा मझार.” आत जा, असं तिचं म्हणणं. मलाही जावंसं वाटत होतं. खरंच वाटत होतं. पण लिंबाखाली माझ्यासाठी राबलेली माणसं उभी होती, त्यांना सोडून कसा जाणार? धाकटीचं बोट धरून मी भिंतीपाशी थांबलो आणि तिला दिसावं म्हणून कडेवर घेतलं.

मोठी पुढे आली. दोन्ही वेण्यांना तिरंगी रिबिनी. ती त्याच्यासमोर थांबली, टाच आपटली आणि असा सलाम केला की माझ्या अंगावर काटा आला. त्यानेही ताठ उभं राहून तिला तेवढाच कडक सलाम केला. मला लेकीचा अभिमान वाटला आणि त्याच्याकडे बघून संताप आला, आणि संताप नेमका कशाचा, तेच समजेना. त्याने तिची टिंगल केली असती, नुसती मान हलवली असती, तर मला बरं वाटलं असतं.

कार्यक्रम संपल्यावर तो जिलेबीची परात घेऊन स्वतः भिंतीपाशी आला. “तुन्ही आंडेर एक नंबर शे,” तो मला म्हणाला. पोरीचं कौतुक होतं ते. मी फक्त मान हलवली. आमच्यातल्या एकाने जिलेबी ग्रामपंचायतीची, म्हणजे आपलीच, असा निकाल दिला आणि सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली. गरम होती.

संध्याकाळी अंगणात पोरींचा झेंडावंदनाचा खेळ सुरू झाला. काठीला माझा टॉवेल बांधलेला, खडूने चौकोन आखून मैदान केलेलं. मोठी आत उभी राहून हुकूम देत होती. धाकटी मात्र रेघेच्या बाहेर, एकटीच, कपाळाला हात लावून ताठ उभी होती. हिने तिला बाहेर काढलं असं वाटून मी मोठीवर ओरडलो. ती म्हणाली, मी किती वेळा बोलावलं, तीच येत नाही.

मी धाकटीला म्हणालो, “जा बेटा, मझार जा.”

तिने नाही म्हणून मान हलवली. कपाळावरचा हात न काढता मला म्हणाली, “आपन बाहेर उभा ऱ्हातस ना, पप्पा?”

आणि मला जागा व्हावी म्हणून ती थोडी सरकली.