दरीला न सांगितलेलं नाव

सोमवारी ह्यांना औंधच्या छातीच्या दवाखान्यात दाखल व्हायचं होतं, आणि रविवारी सकाळी डोळे उघडताच हे मला म्हणाले, "चल, भाकऱ्या बांध. खंडाळ्याची दरी बघायला जाऊ."

मला आधी रागच आला. चिंचवडच्या आमच्या खोलीत पाण्याची कळशी उचलली तरी माणसाला दम लागायचा, खोकताना जीव अर्धा व्हायचा, आणि म्हणे दरी!

"डाक्टरनं पडून ऱ्हायला सांगितलंय न्हवं?" मी म्हणाले.

"उद्यापासून पडायचंच आहे की," हे म्हणाले.

मी भाकऱ्या थापायला बसले, पण परात अशी आदळली की शेजारीण डोकावून गेली. चटणी, कांदा आणि भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि आम्ही सकाळची गाडी धरली.

हे मूळचे घाटाखालचे, कोकणातले. पिंपरीत कारखाना निघाला तेव्हा कामासाठी वर आले, तेही रात्रीच्या गाडीनं. घाट त्यांनी उजेडात कधी पाहिलाच नव्हता, आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यांची आत्या आमच्या गावात दिलेली, चाकणच्या पुढं. तिनंच आमचं जमवलं. लग्नात ह्यांनी सासूबाईंनी ठरवलेलं माझं नवं नाव तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं आणि माझं माहेरचं नाव त्या मांडवातच राहिलं. पुढं वर्षभरात आई गेली. मग त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नाही.

आईनं मला पाठवताना एक गोष्ट बजावून सांगितली होती. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्यानं त्याचं आयुष्य कमी होतं. सासूबाईंनीही तेच सांगितलं. मी ते इतकं पाळलं की शेजारच्या पोराचं नाव तेच होतं म्हणून त्याला मी जन्मभर 'बाळ्या' म्हणत आले. आणि ह्यांचं दुखणं कळल्यापासून तर मी ते नाव मनातसुद्धा जपून घ्यायचे.

लोणावळ्याला उतरून आधी वळवणचा तलाव गाठला. पाऊस सरून महिना झाला असेल, पाणी काठोकाठ भरलेलं आणि गवत पिवळं पडायला लागलेलं. हे थोडं चालले की थांबायचे आणि थांबलेलं मला दिसू नये म्हणून उगाच डोंगराकडं बघायचे. मग मीच खाली बसायला लागले. "काटा मोडला," म्हणायचे आणि तळपाय चाचपत राहायचे. काटाबिटा काही नव्हता. हे शेजारी टेकायचे, श्वास जागेवर आला की म्हणायचे, "मावळातले काटे फार बाई!" त्यांना सगळं कळत होतं. खंडाळ्यापर्यंत मला किती काटे मोडले, देव जाणे.

कड्याशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी आमच्या गावचे माळ आणि शेतं बघून वाढलेली. जमीन अशी एकाएकी संपते हे मला ठाऊक नव्हतं. पायाखाली नुसती पोकळी, समोर नागफणीच्या डोंगराचं टोक, खाली घाटातून वळत जाणारे रूळ आणि त्याच्याही खाली सगळं धुरकट. हे काठाकडं सरकले तसा मी त्यांचा सदरा मागून मुठीत धरला आणि सोडला नाही.

"ते धुरकट दिसतंय ना," ते बोट करून म्हणाले, "त्याच्या पलीकडं आमचं घर. पुढं आंब्याचं झाड आहे. दिसलं?"

मला काहीही दिसलं नाही. मी म्हणाले, "दिसलं."

थोड्या अंतरावर काही मुंबईची माणसं आली होती. ती हाका मारत होती आणि दरी त्यांच्या हाका परत देत होती. ह्यांना गंमत वाटली. त्यांनी तोंडाशी दोन्ही हात धरले आणि मला वाटलं, माझंच नाव घेणार, ताटातलं. पण त्यांनी हाक मारली ती माझ्या माहेरच्या नावानं. आत्याकडून कधी ऐकलं असेल, लक्षात ठेवलं असेल. मला कधी बोलले नव्हते. दरीनं ते नाव एकदा परत दिलं, मग जरा लांबून पुन्हा एकदा. मी पदर डोळ्यांना लावला आणि रडले. आई मला अंगणातून बोलवायची तसंच ते वाटलं.

त्या हाकेपायी हे बराच वेळ खोकत बसले. खोकला थांबल्यावर तोंड पुसून म्हणाले, "आता तू माझं घे."

"काय बी बोलता! मला न्हाई जमायचं."

"अगं, इथं कोण आहे आपलं? दरी काय तुझ्या सासूला सांगायला जाणार आहे?"

"तसं न्हाई. तुमचं..." मी म्हणाले आणि थांबले. आयुष्य हा शब्द त्या दिवशी त्यांच्यापुढं उच्चारायचा नव्हता मला.

ते समजले. हसले आणि म्हणाले, "बरं, राहू दे. बरा होऊन आलो की घे. पुढच्या दिवाळीला येऊ."

मी मान डोलावली. मनातल्या मनात मी देवाशी सौदाच केला होता. मी नाव घेत नाही, तू ह्यांना हात लावायचा नाहीस.

सोमवारी दवाखान्यातल्या कारकुनानं विचारलं, "पेशंटचं नाव?" ह्यांना नेमकी तेव्हाच उबळ आली. कारकून माझ्याकडं बघायला लागला आणि मी भिंतीकडं. खोकता खोकता हे म्हणाले, "दरीला नाही सांगितलंस, ह्याला तरी सांग." तरी मी तोंड उघडलं नाही. शेवटी त्यांनीच सांगितलं, अर्धं एका श्वासात आणि अर्धं दुसऱ्या.

मग दर रविवारी मी सांगवीवरून नदी ओलांडून त्यांना भेटायला जायचे. ते मला माहेरच्या नावानंच हाक मारायचे. वॉर्डातल्या सगळ्यांना तेच माझं खरं नाव वाटायचं. हाक रविवारागणिक बारीक होत गेली. शेवटी शेवटी नुसते ओठ हलायचे, तरी मला ती ऐकू यायची. दिवाळी यायच्या आधीच हे गेले.

त्यानंतर मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. आईचा आला, सासूबाईंचा आला, देवाचा तर फारच. नाव घेतलं नाही तरी आयुष्य कमी झालंच की! मग कशासाठी राखलं मी ते? एवढ्या चांगल्या माणसाला बायकोच्या तोंडून आपलं नाव एकदाही ऐकायला मिळालं नाही.

दिवाळी झाल्यावर मी एकटीच सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला गेले. तलावावरून, त्याच वाटेनं कड्याशी पोचले. कोणी नव्हतं. आता कमी व्हायला काही राहिलंच नव्हतं, म्हणून मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ह्यांचं नाव घेतलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा असा फुटला की झाडातले पक्षी उडाले. दरीनं ते परत दिलं, एकदा, मग लांबून पुन्हा एकदा, दोन्ही वेळा माझ्याच आवाजात.

मी थांबले. वेड्यासारखी थांबले, खालच्या धुरकटातून कोणी मला माहेरच्या नावानं हाक मारील म्हणून.

परतताना तलावाच्या काठी पाय चालेनात तशी मी खाली बसले आणि सवयीनं तळपाय हातात घेतला. काटा मोडला, असं सांगायला शेजारी कोणी नव्हतं.